पावती आणि वारसा

श्याम बेनेगल यांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर दाखवली गेली. संविधान सभेतल्या चर्चा तिच्यात नटांच्या तोंडून ऐकू येतात आणि मधूनमधून निवेदिका इतिहास सांगते. नाशिकच्या आमच्या उर्दू शाळेत वरच्या वर्गांना आम्ही तिचे काही भाग दाखवले. टॉम ऑल्टर यांचे मौलाना आझाद पडद्यावर आले की मुले सावरून बसत. भाग संपला की पहिला प्रश्न ठरलेला : “सर, सभेत आपले किती होते?”

प्रश्न निरागस आहे, पण मुलांनी तो मोठ्यांकडूनच उचलला आहे. आपल्या जलशांत, शाळांच्या कार्यक्रमांत आपण शहिदांची यादी वाचतो. सोलापूरचे कुर्बान हुसेन, काकोरीचे अशफाकउल्ला खान. वाचणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, पण त्याखाली एक अर्जही असतो : आम्हीही रक्त दिले आहे, आम्हाला आपले म्हणा. देशावरचा हक्क अशी पावती दाखवून सिद्ध करावा काय?

आमच्या मते करू नये. मागणाऱ्यापुढे पावती धरली की मागण्याचा त्याचा अधिकार आपण मान्य करून बसतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की हक्क जर फासावर गेलेल्यांच्या नावाने मिळत असेल, तर ज्याच्या घरात कुणी शहीद नाही त्याचे काय? ज्याचे आजोबा तेव्हा जुन्या नाशकात हातगाडीवर भाजी विकत होते, कधी तुरुंगात गेले नाहीत, त्या नातवाचा हक्क काय कमी? संविधानाचे पाचवे कलम वास्तव्य विचारते, जन्म विचारते. आजोबांचा पराक्रम विचारत नाही.

कुणी म्हणेल, नावे घेतली नाहीत तर ती पुसली जातील. हे खरे आहे. नावे घेतलीच पाहिजेत. पण ती आठवण म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. आपल्या सभेत आपण एकच नाव घ्यायचे आणि दुसऱ्यांनी त्यांच्या सभेत उरलेली तीन, हा त्या चौघांच्या सोबतीचा अपमान आहे.

शिवाय संविधान सभेतले ‘आपले’ एका सुरात बोलत नव्हतेच. मद्रासचे मोहम्मद इस्माईल स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. बेगम एजाज रसूल यांचा धर्माच्या आधारावरच्या राखीव जागांनाही विरोध होता. मौलाना हसरत मोहानी तर मसुद्यावरच टीका करीत. देश उभारण्याच्या कामात ‘नाही’ म्हणणारेही भागीदार होते, हे मुलांनी शिकावे. डोकी मोजली तर हे कळत नाही. भाषणे ऐकली तर कळते.

आमच्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या सोबतीने हजारो माणसे त्या दारापुढे उभी राहिली. त्यांनी माणूस म्हणून हक्क मागितला. वर्षानुवर्षे झगडूनही ते दार उघडले नाही. पुढे तोच नेता मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्याने बजावले की राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती फार काळ टिकू दिली, तर ही लोकशाहीच धोक्यात येईल.

ही विसंगती आपल्या मोहल्ल्यातही आहे. जिथे मुलाला शिकवणी लावतात आणि मुलीची शाळा सातवीनंतर बंद करतात, तिथे ती आहे. एक मुलगा शहिदांची नावे पाठ म्हणतो आणि दुसरा बहिणीची शाळा सुटू नये म्हणून अब्बांशी अदबीने वाद घालतो. आमच्या लेखी संविधान सभेचा वारस दुसरा आहे, मग त्याला एकाही शहिदाचे नाव येत नसले तरी.