कडेला उभी असलेली माणसे

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. परंतु ते सर्व काही सांगते असेही नाही. आणि काय सांगायचे राहिले, हे पुष्कळदा कागदाच्या मापाने ठरते.

हिशोब साधा आहे. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मवरील ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट पुढे जगभर रूढ झाली. तिची लांबी रुंदीच्या दीडपट. ४ बाय ६ इंची कागदाचे प्रमाणही तेच. म्हणून त्यावर चित्र जसेच्या तसे उतरते. ८ बाय १० चे एन्लार्जमेंट मागितले, की चित्र वाढून ८ बाय १२ होते आणि त्यातील दोन इंच, म्हणजे सहावा हिस्सा, गळून पडतो. बहुतेक मोबाइलच्या चित्राचे प्रमाण ४ : ३. ते ४ बाय ६ वर कागदभर छापले, तर साडेचार इंच उंचीतील अर्धा इंच जातो.

आता लग्नातील समूहचित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध वधूवर, लगत आईवडील, मान्यवर पाहुणे. आणि कडेला? संकोचून उभी असलेली विधवा मावशी, परिस्थितीने गांजलेला चुलतभाऊ, अखेरच्या क्षणी 'तूही ये गं' म्हणून बोलावलेली घरकामाची बाई. कात्री आंधळी असते, तिच्या मनात भेदभाव नसतो. पण कडेला कोणी उभे राहावे, हे समाजाने आधीच ठरविलेले असते. म्हणून आंधळी कात्रीसुद्धा नेमकी दुबळ्यांवर चालते. पन्नास वर्षांनी नातवंडे ते चित्र पाहतील, तेव्हा मावशी त्या लग्नाला आलीच नव्हती असे त्यांना वाटेल.

मग दोष कोणाचा? 'मुद्दाम केले नाही' हे उत्तर तयार असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना हेतू आणि हेतूबाहेरचा परिणाम यांत भेद केला. मात्र त्याच ठिकाणी त्यांनी हेही बजावले, की हेतू चांगला असूनही कृती साध्याच्या प्रमाणाबाहेर गेली, तर ती निर्दोष राहत नाही. हीच कसोटी येथे लावू या. ८ बाय १० च्या कागदावर पूर्ण चित्र बसवायचे, तर वर आणि खाली पाऊण इंचाहूनही अरुंद पांढरी पट्टी उरते, एवढेच. तेवढी पट्टी नको म्हणून माणूस वगळणे, हे कोणत्या प्रमाणात बसते?

जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे काढलेल्या पाच तरुण पर्यावरण कार्यकर्त्यांच्या चित्रातून युगांडाची व्हेनेसा नाकाटे कापली गेली. उरलेल्या चौघी गोऱ्या होत्या. मागची इमारत रचनेला बाधक वाटली, असे असोसिएटेड प्रेसने प्रथम सांगितले. पुढे क्षमा मागितली. हेतू वाईट नव्हता, हे मान्य केले तरी तिला झालेली वेदना खरीच होती.

उपाय अवघड नाहीत. चित्र काढताना दोन पावले मागे सरावे, कडांना जागा ठेवावी, ८ बाय १२ चा कागद मागावा. आणि छापण्याआधी एकदा विचारावे: कडेला कोण आहे? मध्यभागी उभ्या असलेल्यांची काळजी चौकट आपोआप घेते. कडेच्यांची काळजी मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक घ्यावी लागते.