गुरूची माया आणि शिष्याची तळमळ

उज्जयिनीस क्षिप्रेच्या तीरी, भर्तृहरीच्या गुंफेपासून जवळच, पीर मत्स्येंद्रनाथांचे स्थान आहे. तेथे गेले म्हणजे शांतारामांनी दिग्दर्शिलेल्या 'प्रभात'च्या 'माया मच्छिंद्र' (१९३२) या बोलपटाचा शेवट आम्हांस आठवतो. स्त्रीराज्यात राणीच्या पाशात गुंतलेल्या गुरूस सोडवावयास गोरख धावतो आणि अखेर त्यास उमगते, की हे सारे गुरूनेच रचलेले मायाजाल! गोविंदराव टेंब्यांचे मच्छिंद्रनाथ निष्कलंक ठरतात, प्रेक्षक सुखावतो.

आमचे समाधान मात्र होत नाही. गुरूचे पतन खोटे होते. शिष्याची तळमळ तर खरी होती ना? शिकवण्यासाठी का होईना, त्याला इतके पोळण्याचा अधिकार गुरूस कोणी दिला? 'नवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ येथे अधिक धीट आहे. त्यातले मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात, त्यांना मीननाथ हा पुत्र होतो, आणि निघताना झोळीत आलेली सोन्याची वीट गोरखास फेकून द्यावी लागते. गुरूलाही सावरणारा हा शिष्य आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

तरीही बोलपटातल्या गोरखाचे मोल उणे होत नाही. ही माया आहे, हे त्यास कोणी आधी सांगितले नव्हते. गुरू बुडत आहेत एवढेच त्याने जाणले, आणि तो निघाला.