देवाचे घर आणि माणसाचा उंबरठा

देव सर्वत्र आहे, ही गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या पहिल्याच वर्गात शिकतो. मग देऊळ कशासाठी? जो चराचर व्यापून उरला आहे, त्याला चार भिंतींची काय गरज? आणि तरीही माणूस जेथे जेथे वस्ती करून राहिला, तेथे त्याने आपल्या घराशेजारी देवाचेही घर उभारले. हा प्रश्न आजचा नाही. यरुशलेममध्ये पहिले मंदिर बांधणाऱ्या शलमोन राजाच्या मनात तो समर्पणाच्या दिवशीच उभा राहिला होता. आकाशातही न मावणारा देव या वास्तूत कसा मावेल, असे त्याने प्रार्थनेतच विचारले. मात्र प्रश्न पडला म्हणून त्याने मंदिर पाडले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

नाशिकच्या गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला याचे उत्तर वाटेवरच सापडते. शाळा-महाविद्यालये, दुकाने आणि नव्या सोसायट्यांच्या गर्दीतून रस्ता पुढे सरकतो. आनंदवल्लीपाशी गोदेच्या काठी नवश्या गणपती आहे. आणखी पुढे सोमेश्वराचे महादेव मंदिर आहे. नवसाला पावणारा तो नवश्या. नावातच भक्ताची निकड सामावली आहे. आजारी मूल, रखडलेले लग्न, न मिळणारी नोकरी अशी ओझी घेऊन माणसे तेथे येतात. देव त्यांच्या घरीही असतोच. परंतु घरी चूल असते, देणेकरी असतात, भांडण असते. माणसाचे मन एका जागी ठरण्यासाठी त्याच्या पायांनाही एखादी जागा लागते. चपला काढणे, घंटा वाजवणे, किंवा आपल्याकडे तीर्थजलात बोट बुडवून क्रुसाची खूण करणे, या सर्व कृती शरीराला सांगतात की येथे वेगळे काही आहे. देऊळ ही देवाची गरज नाही. ती देहधारी माणसाची गरज आहे.

निरनिराळ्या संस्कृतींनी ही गरज दोन प्रकारांनी भागवली. पहिल्या प्रकारात मंदिर हे देवाचे निवासस्थान असते. हिंदू मंदिराचे गर्भगृह लहान आणि काळोखे असते. त्यात मूर्ती आणि पुजारी, एवढीच माणसे-देवांची दाटी. प्राचीन ग्रीकांच्या मंदिरात मूर्ती आत असे आणि यज्ञाची वेदी व लोक बाहेर, उघड्यावर. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. 2013 साली ते असेच नव्याने उभे राहिले. पण यात्रेकरूला आतल्या कुंपणापलीकडे जाता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मंदिर हे सभेचे घर असते. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर यहुदी धर्म टिकला तो सभास्थानांच्या आधारे. पुण्याच्या कॅम्पातले 1867 सालचे सभास्थान मराठी माणसाने ‘लाल देऊळ’ म्हणून आपलेसे केले. मशीद हीसुद्धा एकत्र नमाज पढण्याची जागा. आपले पूर्वज आरंभी घराघरांतून जमत. सिरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील असे एक घर उत्खननात सापडले आहे. पुढे उघडपणे वास्तू बांधण्याची मुभा मिळाली, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी रोमन देवळांचा नमुना उचलला नाही. त्यांनी ‘बॅसिलिका’ म्हणजे न्यायदानाचे व लोकव्यवहाराचे सभागृह निवडले. त्यांना लोक आत हवे होते.

अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. हिंदू मंदिरालाही सभामंडप असतो आणि तेथे कीर्तन रंगते. आपल्याही चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताजवळ अखंड दिवा तेवत असतो. देवाचे सान्निध्य आणि माणसांचे एकत्र येणे, या दोहोंची ओढ प्रत्येक धर्मात आहे. म्हणूनच ज्या क्षणी देवाच्या घराला दार बसते, त्या क्षणी एक नैतिक प्रश्न उभा राहतो: या दारातून आत कोणी यायचे, हे ठरवणार कोण?

नाशिक शहराने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. पंचवटीतील काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवले. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष या मंदिराकडे निघाले. दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही दारांशी बसले. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे काही वर्षे चालवला; परंतु दार उघडले नाही. मंदिरात गेल्याने आपले सर्व प्रश्न सुटतील, असा बाबासाहेबांचा भ्रम नव्हता. समोरचा माणूस आपल्याला माणूस मानतो की नाही, याची ती कसोटी होती. 1935 साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला, आणि 1956 साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बंद दाराची किंमत किती मोठी असते, हे या इतिहासावरून कळते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावावे लागले. त्याच मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर, चोखोबांची समाधी कित्येक शतके उभी होती.

हे वाचताना आपण ख्रिस्ती लोकांनी निश्चिंत होऊन मान डोलावू नये. तमिळनाडूतील वडक्कनकुलम येथील चर्चमध्ये उच्च जातीचे आणि तथाकथित खालच्या जातीचे कॅथलिक वेगवेगळ्या दालनांत, मध्ये भिंत घालून बसत. वेदी एक, ख्रिस्त एक, भाकर एक. आणि भिंत मात्र माणसांनी बांधलेली. ती 1910 साली पाडण्यात आली, तीही मोठ्या विरोधाला तोंड देऊन. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते असे आपण म्हणतो. पण ती पुसायला मनही तयार असावे लागते.

यरुशलेमच्या मंदिरातही एक कठडा होता. परराष्ट्रीयाने तो ओलांडल्यास मरणाला तो स्वतःच जबाबदार राहील, असा इशारा ग्रीक भाषेत दगडावर कोरलेला होता. तो दगड 1871 साली सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. प्रभू येशूने ज्या अंगणातून व्यापाऱ्यांना हाकलले ते अंगण परराष्ट्रीयांचे होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे परक्याला प्रार्थनेसाठी दिलेली एकमेव जागाही बाजाराने गिळली होती. प्रभूचा संताप त्या दृष्टीने पाहिला म्हणजे अधिक उमगतो. आणि संत पौल जेव्हा ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे लिहितो, तेव्हा त्याच्या वाचकांपैकी अनेकांना हा कठडा आठवला असेल.

मग देवळे नकोतच का? संत गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. हे उत्तर मोठे आहे, तरी पुरेसे नाही. धर्मशाळेत थकलेल्या देहाला आसरा मिळतो; थकलेल्या जिवालाही एखादा आसरा लागतो. देऊळ हवेच. फक्त ते कोणाचे आहे, याचा विसर पडता कामा नये. देवाचे घर असेल तर आपण तेथे पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला दारातून परतवू नये.

आपल्या धर्मग्रामाचे दार आज कायद्याने किंवा भिंतीने कोणाला अडवत नाही. परंतु मागच्या बाकावर बसलेल्या, फाटक्या कपड्यातल्या, पोटासाठी नुकत्याच शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबाशी मिस्सा संपल्यावर कोणी दोन शब्द बोलतो का? कठडा दगडाचाच असतो असे नाही. तो नजरेचाही असतो. चर्चच्या उंचीवरून, घंटेच्या आवाजावरून किंवा सणाच्या रोषणाईवरून उपासनास्थानाची थोरवी ठरत नाही. सर्वांत संकोचलेला माणूस ज्या दारातून न बिचकता आत येतो, तेथे देवाला खरोखर घर मिळाले, असे म्हणता येईल.