फ्यूजला लावलेली चांदी

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. ठिबकच्या नळ्यांची बंडलं घेऊन मी नाशिकहून घरी येत होतो. गाडी नानांची, म्हणजे वडिलांची. जुनी हॅचबॅक, जिच्या डिकीतून माणसांच्या बॅगांपेक्षा खताच्या गोण्या आणि द्राक्षाचे क्रेटच जास्त फिरलेत. चांदोरीहून गोदावरीचा पूल ओलांडला, सायखेड्यात टपरीवर चहा घेतला. डिकीतली बंडलं घसरली होती, ती सारखी केली आणि डिकी जोरात आपटून लावली. गाडीत बसून लाइट लावले तर समोरचं मीटर अंधारात. उतरून मागे पाहिलं, तर मागचे दोन्ही लाल लाइट बंद. हेडलाइट मात्र चालू.

निफाड तालुक्यातली जानेवारीची रात्र कशी असते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. महाराष्ट्रातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव दर हिवाळ्यात येतं. नदीकाठी धुकं उतरलं होतं. मळा अजून सहा-सात किलोमीटर लांब आणि रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर. मागचे लाइट नसलेली गाडी चालवताना चालवणाऱ्याला काहीच अडचण नसते, त्याला पुढचं सगळं दिसतं. धोका असतो तो मागून येणाऱ्याला.

मीटरचे आणि मागचे लाइट एकदम गेले, म्हणजे चार बल्ब एकाच वेळी जळाले असं सहसा होत नाही. दोघांचा फ्यूज एकच असणार. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. मोबाइलच्या उजेडात हवा तो सापडला, प्लॅस्टिकच्या छोट्या चिमट्याने ओढून काढला. लाल रंगाचा, दहा अँपिअरचा. हे रंग जवळपास सगळ्या गाड्यांत सारखेच: लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत धातूची एक बारीक पट्टी असते. ती मधोमध तुटलेली होती.

जादा फ्यूज नव्हता. दुकानं बंद झालेली. टपरीवाल्याने विचारलं, "काय झालं भाऊ?" आणि स्वतःहून सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून दिली. ती मी फ्यूजच्या दोन्ही पायांभोवती गुंडाळली, फ्यूज परत दाबून बसवला. मीटर उजळलं, मागे लाल लाइट लागले. मला स्वतःचं कौतुक वाटलं हे कबूल करायला हवं. इंजिनिअरिंगची चार वर्षं अखेर घरच्या कामाला आली होती.

दोन दिवसांनी मी पुण्याला परतलो. चांदीचं नानांना सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. लाइट चालू होते, त्यामुळे सांगण्यासारखं काही उरलं आहे असं वाटलंच नाही.

एप्रिलमध्ये एका रात्री नाना माझ्या सहा वर्षांच्या भाचीला घेऊन घरी येत होते. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "नाना, वास येतोय." त्यांनी गाडी बाजूला घेतली, तिला उचलून लांब उभं केलं आणि बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली. मागच्या मॅटखाली वायरीवरचं प्लॅस्टिक हातभर वितळलं होतं, मॅटला भोक पडलं होतं. नंतर वायरिंगवाल्याने कारण दाखवलं: डिकीच्या बिजागरीत मागच्या लाइटची वायर घासून उघडी पडली होती आणि ती पत्र्याला टेकत होती. जानेवारीत मी डिकी आपटली तेव्हाही हेच झालं होतं. फ्यूजने तेव्हाच सांगितलं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

आपण म्हणतो, "फ्यूज खराब झाला." पण उडालेला फ्यूज हा गाडीतला कदाचित एकमेव भाग आहे ज्याने आपलं काम अगदी बरोबर केलेलं असतं. तो बल्ब वाचवायला बसवलेला नसतो. तो मुख्यतः वायर वाचवायला असतो, आणि वायर वाचवायची ती आत बसलेल्या माणसांसाठी. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम आपण अकरावी-बारावीत पाठ केलेला असतो. दहाच्या जागी वीसचा फ्यूज लावला तर वायरीत दुप्पट प्रवाह जाऊ शकतो, म्हणजे उष्णता चौपट. आणि चांदी किती अँपिअरला वितळेल हे तर कुणालाच ठाऊक नसतं. चांदी लावल्याने मर्यादा नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. उजेडात, नकाशा असलेल्या पेटीत, बदलता येईल अशा स्वस्त तुकड्यात जी होती, ती मॅटखालच्या अंधारात जाते. तिथे काय तुटेल आणि त्या वेळी गाडीत कोण असेल हे आपण ठरवलेलं नसतं.

शेतकऱ्याच्या पोराला हे नव्याने कळावं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, कारण आमच्याकडे याचा मोठा अवतार सगळ्यांनी पाहिलेला असतो. डीपीच्या पेटीतल्या किटकॅटची तार सारखी उडते. कुणीतरी वैतागून तिथे जाड तार बांधतं. मोटारी चालतात, सगळे खूश. मग ऐन उन्हाळ्यात एका रात्री तारेऐवजी डीपीच जळते आणि नवी येईपर्यंत त्या डीपीवरची सगळी पिकं पाण्यावाचून राहतात. जाड तार एकाने बांधलेली असते, पाणी सगळ्यांचं जातं. यातल्या कुणालाही तार बांधण्याआधी विचारलेलं नसतं.

मला प्रश्न पडतो तो इथे. अडचणीतून वाट काढणं वाईट नाही. जुगाडाला नाक मुरडणं सोपं आहे, पण ज्याच्या हाताशी सुटा भाग नाही आणि दुकान बंद आहे, त्याच्याकडे दुसरं काय असतं? त्या रात्री लाइट नसताना जाणं म्हणजे मागून येणाऱ्या एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव धोक्यात घालणं होतं. म्हणजे एका अनोळखी माणसाचा धोका टाळताना मी दुसऱ्यांवर धोका ढकलला. मग चुकलं नेमकं कुठे?

पहिली चूक मला बऱ्याच दिवसांनी दिसली. त्याच पेटीत, दोन घरं सोडून, टेपचा फ्यूज होता. तोही लाल, दहाचाच. तो काढून इथे लावला असता तर लाइट लागले असते, गाणी बंद झाली असती, आणि डिकीतली वायर पुन्हा टेकली असती तर तोही उडाला असता. मला बिघाड कळला असता. जास्तीत जास्त रात्रीपुरती गाडी तिथेच सोडून फोन करून कुणाला तरी बोलवावं लागलं असतं. सारख्या अँपिअरचा, किंवा भागत असेल तर कमीचा फ्यूज उसना घ्यावा, जास्तीचा कधीच नाही, हा साधा नियम आहे. पण मला तो सुचला नाही, कारण कशावर पाणी सोडायचं हा प्रश्नच मी स्वतःला विचारला नव्हता. मला सगळंच चालू हवं होतं. अडचणीच्या वेळी आपण आपली सोय सोडतो की दुसऱ्याचं संरक्षण, यात फरक आहे. आणि संरक्षण सोडणं सोपं जातं, कारण ते गेलेलं त्या क्षणी दिसत नाही.

दुसरी चूक न सांगण्याची. चांदी एका रात्रीची होती. ती तीन महिने टिकली, कारण ती चालली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या झिजताना आधीच्या उड्डाणांतही दिसल्या होत्या. पण ती यानं सुखरूप परतली होती. आदल्या रात्री थंडीमुळे काही इंजिनिअरांनी उड्डाणाला हरकत घेतली, तीही मागे पडली. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की यात कुणी खलनायक नव्हता. काल चाललं म्हणून आज चालतं, आणि चालता चालता धोका नेहमीचा होऊन जातो. माझ्या कामातही हे रोज होतं. प्रोग्राम एरर देतो, रात्री रिलीज असते, कुणीतरी ती एरर गिळून टाकणारी दोन ओळींची सोय करतं आणि वर लिहितं, "तात्पुरतं". दोन वर्षांनी ते वाचणारा माणूस नवीन असतो.

तेव्हा चांदी लावावी की नाही याचं माझ्यापाशी सरसकट उत्तर नाही. गाडीत आजारी माणूस असता आणि टेपचा फ्यूज नसता, तर मी पुन्हा लावली असती. पण त्या चांदीचा धोका ज्यांच्या अंगावर येणार आहे त्यांना ती ठाऊक असायला हवी. गाडीची किल्ली नानांच्या हातात देताना मी आणखी काहीतरी देत होतो, आणि त्याबद्दल एक वाक्य बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

एप्रिलमधल्या त्या रात्री फोनवर नाना चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, लावलीस तर लावलीस. मला सांगायचं ना. मी पोरीला बसवलं नसतं."

दिवाळीनंतर ती गाडी विकली. वायर नवी टाकली होती, फ्यूज बरोबर होते, मॅटवर दुसरं मॅट होतं. गाडी बघायला आलेल्या माणसाला काही कळायचं कारण नव्हतं. सौदा जवळजवळ ठरला होता. नानांनी मागचं दार उघडलं, वरचं मॅट उचलून जळकं भोक दाखवलं आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, काय झालं होतं ते."

मी सांगितलं. त्याने पाच हजार कमी केले.