अंगठा

खासगीपण म्हणजे बंगलेवाल्यांचे चोचले, असं कुणी म्हणेल. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, तिथं कसलं आलंय खासगी? पण दोस्तहो, आडनाव विचारून जात हुडकणारी नजर आम्ही पिढ्यान् पिढ्या सोसली. झाकून ठेवायचा हक्क आमच्याइतका कुणाला हवा?

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण मूलभूत हक्क ठरवला. 2018 साली त्याच कोर्टाने सरकारी मदतीसाठी आधार कायम ठेवलं. ज्याचं पोट रेशनवर, त्याला अंगठा चुकत नाही. अन् राबून राबून रेषा झिजल्या की मशीन म्हणतं, हा तू नव्हेस.

द्रोणाने एकलव्याचा अंगठा एकदाच घेतला. आमचा दर महिन्याला मागतात. भाकर हवी तर हक्क गहाण ठेव, हा सावकारी हिशेब झाला. भाकर आमची, अंगठाही आमचाच. दोन्ही पाहिजेत.