रेषा दुसऱ्याची, रंग आपला

मोठ्या माणसाने रंग भरण्याचे पुस्तक उघडून बसणे आपल्याकडे अजूनही थोडे ओशाळवाणे समजले जाते. बिद्रीसारख्या गावात तर विशेषच. येथील वर्ष दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याच्या हंगामावर मोजले जाते; रान, गुरे आणि चूल यांतून घटकाभर मोकळी मिळाली तरी घरची बाई ती धान्य निवडण्यात घालवते, नाहीतर तिलाच काही चुकल्यासारखे वाटते. अशा घरी शहरातल्या लेकीने फुलापानांच्या चित्रांचे पुस्तक आणि रंगपेन्सिलींची पेटी आणली, की दोन प्रश्न उभे राहतात. हा वेळ वाया गेला नाही काय? आणि दुसऱ्याने काढलेल्या रेषांत रंग भरायचा, तर त्यात आपले असे काय उरते?

दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळू. स्कॉटलंडच्या चित्रकर्त्री जोहाना बॅसफर्ड यांचे ‘सिक्रेट गार्डन’ हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि मोठ्यांसाठीच्या अशा पुस्तकांची लाट जगभर पसरली. त्यापूर्वी, २००५ साली, करी आणि कॅसर या अमेरिकन अभ्यासकांनी ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. त्यांच्या मनात आधी थोडी चिंता जागवून मग काहींना मंडलाकृती, काहींना चौकड्यांची आकृती आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. आखीव आकृती रंगवणाऱ्यांची चिंता ओसरली. कोऱ्या कागदाने तसे साधले नाही. याचे नवल वाटू नये. कोरा कागद माणसाला विचारतो, तू काय करून दाखवणार? आखलेली रेषा काहीच विचारत नाही.

जपमाळ हाती घेणाऱ्यांना हे सांगायला नको. तिचे शब्द आपण रचलेले नाहीत, तिचे रहस्यक्रमही आपले नाहीत. म्हणून ती प्रार्थना आपली नाही असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याने आखलेल्या वाटेवरून चालतानाही पावले आपलीच असतात. मात्र ही तुलना फार ताणू नये. मन शांत होणे म्हणजे प्रार्थना नव्हे. शांत झालेले मन कधी कधी पळून गेलेलेही असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच दिसते. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी जागलेल्या सुनेने दुपारी अर्धा तास एका पानात रंग भरला, तर तो विसावा आहे, आणि त्याचा हिशेब कोणी मागू नये. शब्बाथ माणसासाठी आहे हे प्रभूनेच सांगितले. परंतु आतल्या खोलीतून पाण्यासाठी हाक आली असता ‘एवढी पाकळी पुरी करते’ असे रोज होऊ लागले, तर ती पाकळी महाग पडली म्हणायची. (पुरुषांनी येथे मान डोलावण्याचे कारण नाही. त्यांची वर्तमानपत्रेही याच तराजूत बसतात.)

निसर्गचित्रांच्या पुस्तकाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. प्रभूने शेतातली फुले पाहा म्हटले, फुलांची चित्रे नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही ‘लाऊदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात येशू सृष्टीकडे किती प्रेमाने व लक्षपूर्वक पाहत असे याची आठवण दिली आहे. पुस्तकातली वेल परक्या बागेतली असते; तिला मनाला येईल तो हिरवा फासला तरी कोणी हटकत नाही. पण बांधावरचे एक पान खुडून शेजारी ठेवावे आणि मग पेन्सिल निवडावी. उसाचे पान एका हिरव्याचे नसते, त्याची मधली शीर पांढुरकी असते. पळसाच्या केशरी पाकळ्या जवळजवळ काळ्या, मखमली पेल्यातून वर येतात, हे आयुष्यभर पळस पाहूनही कितीजणांच्या ध्यानात असते? कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याचीच चित्रे रंगवत राहिले. ती नजर आपल्याला येणार नाही, पण तिची दिशा तरी कळते.

असे पाहून रंगवायचे तर साधनही तसे हवे. स्केचपेन पहिल्याच स्पर्शात गडद उमटतो आणि पातळ कागदातून मागच्या चित्रावर उतरतो. जलरंगाने साधा कागद सुरकुततो. मेणाच्या खडूचे टोक बारीक पाकळीत मावत नाही. रंगपेन्सिलच बरी. तिच्यातला रंग मेणात किंवा तेलात मळलेला असल्याने फिकट थरावर दुसरा थर चढवता येतो. आधी पिवळा, वर हलका निळा, असे करीत शेजारच्या पानाशी जुळणारा हिरवा सापडेपर्यंत थांबता येते. भारी परदेशी पेटीची गरज नाही. बारा रंगांची साधी पेटी आणि टोक करायचे यंत्र पुरे. शिवाय तिला वाळण्याची घाई नसते. हाक आली की जागच्या जागी ठेवून उठता येते, आणि अर्धे राहिलेले पान उद्याही तसेच असते.