अभक्ष्य आणि त्याची किंमत

काय खाल्ल्याने मनुष्य बाटतो हे ठरवितो कोण, हा प्रश्न स्वप्रांतात राहणाऱ्यास सहसा पडत नाही. भक्ष्याभक्ष्याची यादी त्याला आईच्या हातूनच मिळालेली असते. बदलीवर आलेल्यास मात्र हा प्रश्न रोज दुपारी पानावर भेटतो.

चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियात कचेरीतले आम्ही, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आणि पंजाबी कारागीर एकाच ढाब्यावर जेवतो. मटणाच्या दुकानावर ‘झटका’ अशी पाटी असते. शिखांच्या रहित मर्यादेत हलाल केलेले, म्हणजे ‘कुठ्ठा’, मांस वर्ज्य आहे. एका घावात मारलेले चालते. उलट आपल्या देशावरच्या कित्येक खेड्यांत बकरे कापण्याचा मान मुलाण्याचा असे. गावगाड्यात त्याबद्दल त्याला हक्क मिळे, आणि त्याने कापलेले मटण हिंदू घरांत बिनदिक्कत शिजे. जे तिकडे रीतीला धरून, तेच इकडे निषिद्ध. दोष मांसातच असता तर तो आगगाडीच्या प्रवासात पालटला नसता.

बोकडाबाबत हे मान्य करणारा कुत्र्याचे नाव काढताच दचकतो. आम्हीही दचकतो, खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी बसणारा प्राणी ताटात कल्पिताही येत नाही. परंतु नागालँडमधील काही जमातींत ते परंपरागत अन्न आहे. तेथील सरकारने जुलै २०२० मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. गौहाती उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये ती रद्द केली. जनावराचे हाल हा प्रश्न निराळा, आणि तो कोंबडीलाही तितकाच लागू आहे. आमची किळस खरी आहे. पण किळस म्हणजे पुरावा नव्हे.

मग सगळेच निषेध टाकून द्यावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. नेम माणसाला आवरतो, पूर्वजांशी जोडतो. कसोटी एवढीच, की त्याची किंमत कोण भरतो. एकादशीला उपाशी राहणारा ती स्वतः भरतो. परंतु मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने महारांवर लादले, दारिद्र्यामुळे ते मांस खाणे त्यांना भाग पाडले, आणि पुन्हा त्याच खाण्यावरून त्यांना हिणविले. शुद्धता एकाची, किंमत दुसऱ्याची. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्यास सांगितले, ते गावाला किळस येते म्हणून नव्हे, तर आपल्या लोकांच्या स्वाभिमानासाठी. वर्ज्य पदार्थ तोच. पण दुसऱ्याने उगारलेला निषेध माणसाला खाली ढकलतो, स्वतः घेतलेला त्याला उभा करतो.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपण सर्वांनी आपापला नेम जरूर पाळावा. मात्र शेजाऱ्याचा डबा उघडताच आपली खुर्ची दूर सारू नये, आणि खोली भाड्याने देताना दुसऱ्याच्या चुलीत डोकावू नये. ‘मी हे खात नाही’ एवढे म्हणणे पुरेसे आहे. त्यापुढे ‘म्हणून तू हलका’ असे मनात जरी आले, तरी त्या नेमाची किंमत आपण दुसऱ्याकडून वसूल करू लागलो, असे समजावे.